बाईजाचा धवला टीव्हीवर

"टीव्हीवर तू गाणार नि तूच घरात नाय? माझे दोस्त काय म्हणतील गो?"

"म्हणू दे. ठकीची पानसुपारी घेऊन शब्द दिलाय मी. तिच्या नातीला धवल्याशिवाय हळद लावू देऊ?"

"एक दिवस दुसरी कोण गाईल!"

"कोण? नाव घ्या बघू."

शेणवे गावात लग्नातला धवला गावा तो कमळूबाबांच्या बायकोनेच, बाईजानेच. देवांना आवतण देण्यापासून पोरगी सासरी निघेपर्यंतची सगळी गाणी तिला तोंडपाठ. दिवाळीनंतर चॅनेलवाले आले आणि तिला अंगणात बसवून गाणं घेऊन गेले. ते आज संध्याकाळी एकदाच दाखवणार होते, नेमकं हळदीच्या वेळेला. धरणावरून रिटायर झालेल्या कमळूबाबांनी तर भातसानगरच्या जुन्या दोस्तांना टीव्ही बघायला बोलावूनही टाकलं होतं.

तोडगा काढला सुनेने, रविनाने. घरच्या कॉम्प्युटरला तिने टीव्ही रेकॉर्ड करायचं कार्ड बसवलं, सेटटॉप बॉक्सची वायर त्यात खोचली, वेळ लावून ठेवली. काल चाचणीला सासूची मालिका लावली, तर रेकॉर्ड झाले दोन पैलवान!

"बाबा, रिमोट कोणी दाबला?"

"जरा कुस्ती बघितली. रेकॉर्ड तर कॉम्प्युटर करतो ना?"

"बॉक्सवर जे लागतं तेच त्यात जातं, बाबा!"

म्हणून आज रिमोट रविनाच्या कमरेला. चॅनेल लावून तिने सासूसमोर पुन्हा थोडं रेकॉर्ड केलं आणि लगेच दाखवलं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत.

"मी हळदीवरून आले की दिसेल?"

"केव्हाही दिसेल, आई. उद्या तुमच्या नातवंडांनाही."

"नि लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टर जोडलाय."

बाईजा नवऱ्याकडे वळली. "बघितलंव? सून कोणाची?"

"माझी पण हाय," कमळूबाबा पुटपुटले. दोस्तांसाठी खुर्च्या मांडता मांडता मधली खुर्ची त्यांनी बायकोसाठी रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "सगळं केलंन पोरीने. पण येवढं करून बिघडलंच, तर तुला तू कधीच दिसणार नायस. चालेल तुला?"

शेजारच्या मांडवातून ठकीची हाक आली. बाईजाने रविनाच्या गालावरून हात फिरवला, पदर खोचला आणि ती ताठ मानेने दाराबाहेर पडली.