टोपली घेऊन उभी राहा

“हिला मराठी येतं का?”

पाहुण्यांनी विचारलं. मला नाही, सरांना. मी समोरच उभी होते. डोक्यावर आमचुराची टोपली, अंगावर आईचे चांदीचे दागिने.

सर हसले. “येतं ना साहेब. हुशार आहे तशी.”

तशी.

मी नंदुरबारला कॉलेजात कृषी व्यवसाय शिकते. घर मोलगीच्या पलीकडे, डोंगरात. त्या दिवशी कॉलेजात प्रदर्शन होतं. आमच्या गटाचा विषय, आमचूर बाजारात कसं विकायचं. विषय मी सुचवलेला. दर उन्हाळ्यात आमचं अख्खं घर कैऱ्या सोलतं, चिकाने बोटांची सालं निघतात. गिऱ्हाईक कोण, पाकीट कसं, माल कुठून कुठे जाईल, सगळी मांडणी माझी. गटात माझ्याबरोबर चेतन. तापीकाठचा, घरची पपईची बाग.

आठवडाभर आधी सरांनी कामं वाटली. चेतन बोलणार. मी पारंपरिक वेशात टोपली घेऊन उभी राहणार.

“सर, मांडणी मी केलीय.”

“अगं, पण तुझे उच्चार! पाहुणे मोठे आहेत. आणि तू अशी उभी राहिलीस तर स्टॉल उठून दिसेल.”

बाहेर आल्यावर चेतन म्हणाला, “मनावर नको लेऊ. तू नुसती उभी ऱ्हाय. बोलानं मी देखी लेसू.” त्याला खरंच वाटत होतं, बोलायचं काम स्वतःकडे घेऊन तो माझं ओझं हलकं करतोय.

दागिन्यांसाठी आईला फोन केला. कशाला, ते सांगवलं नाही. तिला वाटलं, लेकीचा सत्कार आहे. तिने ते रिठ्याने घासले, फडक्यात बांधले आणि जीपवाल्याकडे पाठवले.

आणि आता मी ते घालून उभी. पाहुण्यांनी मोबाइल काढला. “जरा हस.”

मी हसले. हे सांगताना अजून तोंड कडू होतं.

शेजारी चेतन बोलत होता. “डोंगरातले लोक माल चांगला आणतात, पण त्यांना विकणं समजत नाही.”

हे वाक्य माझ्या मांडणीत नव्हतं. मी टोपली उतरवली. टेबलावर ठेवली.

“मला मराठी येतं,” मी पाहुण्यांना म्हणाले. “ही मांडणी माझी आहे. आम्हाला विकणं समजतं. बोलू दिलं जात नाही.”

कुणी टाळी वाजवली नाही. पाहुणे मोबाइलमध्ये बघत पुढच्या स्टॉलकडे गेले.

सरांनी नंतर खोलीत बोलावलं. “सगळ्यांसमोर शोभा केलीस. माफी माग, नाहीतर प्रकल्पाचे गुण विसर.”

“मागणार नाही.”

चेतन दाराशी उभा होता. मी बाहेर आले तसा बाजूला सरकला.

गुण गेले. होस्टेलमधल्या आमच्याकडच्याच मुली म्हणाल्या, कशाला वाद घालायचा, आपल्याला इथेच शिकायचंय. आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने दागिने नीट आहेत का, एवढंच विचारलं.

प्रकल्प पुन्हा करायचाय. एकटीने. विषय तोच. बोलणार मी, माझ्याच उच्चारांत, रोजच्या कपड्यांत. नापास केलं तर पुढच्या वर्षी परत बोलेन. पण कुणाच्याही स्टॉलवर शोभेला उभी राहणार नाही.