पाहुणीची खुर्ची
मेकअपच्या पावडरचा वास आला की आमच्या बेंबळी गावातलं, जयंतीच्या दिवशीचं नाटक आठवतं. आत्याला सिनेमातल्या कामासाठी मोठा पुरस्कार मिळाला होता, पण त्यानंतर एकाही सिनेमाचं बोलावणं आलं नव्हतं. गावच्या नाटकात आईची भूमिका दरवर्षी तिचीच, म्हणून ती चेहरा रंगवूनच आली. मंडळाचे काका हात जोडून म्हणाले, "ताई, तुमी आता लई मोठ्या झालात. आमच्यासंगं काम करणं शोभतंय व्हय? तुमी पाहुण्या." "मला सगळं पाठ हाय वो," आत्या म्हणाली. त्यांनी हसून तिच्या खांद्यांवर शाल पांघरली. ती माझ्याशेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीत बसून आईची सगळी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. आता ती शाळांमधून पाहुणी म्हणून बक्षिसं वाटते, मी सोबत असते. मुलांचं नाटक सुरू होण्याआधी "मला काम आहे" असं सांगून उठते, आणि मीही काही न विचारता उठते.