मोटरसायकल बांधण्याचे शास्त्र

मस्कतमधल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक जुनी मोटरसायकल विकत घेतली, तेव्हा माझ्याकडे ती चालवण्याचा परवाना नव्हता. क्रम चुकला होता, हे मान्य. पण कुरुमला राहणारा माझा सहकारी देश सोडून निघाला होता आणि माझ्या परवान्यासाठी तो थांबणार नव्हता. मोटरसायकल सीबला, आमच्या घरी, ट्रेलरवर घालून आणायची ठरली. ट्रेलर शेजाऱ्यांचा, तो ओढणारी गाडी बाबांची, आणि अटही बाबांचीच: "एकही ओरखडा न पडता घरी आली, तर आईला मी समजावतो. ओरखडा दिसला, तर सरळ विकायची."

बांधण्याच्या कामाला मी कोणाचाही हात लागू दिला नाही. पॉलिमर रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीने चार पट्ट्यांसाठी दुसऱ्याचे तोंड का बघावे? मी आधीच बलांची आकृती काढली होती. कोणता पट्टा कोणत्या कोनात ताणायचा, हे निश्चित होते. इंजिन उत्तम आहे हे बाबांना पटावे म्हणून मी ते बराच वेळ चालू ठेवले. मग मोटरसायकल फळीवरून वर चढवली आणि नायलॉनचे पट्टे असे आवळले की टिचकी मारली तर सूर निघावा.

"झालं?" बाबांनी विचारले.

"आता भूकंप आला तरी हलणार नाही."

"यल्ला, चल मग, मवालेहच्या मंडईवरून जाऊ. एवढा ट्रेलर रिकामा जातोय."

त्या रिकाम्या ट्रेलरवर माझी मोटरसायकल उभी होती. पण भाजीबाजारावरून मोकळे वाहन नेणे बाबांना आयुष्यात कधी जमलेले नाही. त्यांनी कांद्याच्या दोन गोण्या मोटरसायकलच्या डाव्या अंगाला रचल्या.

"बाबा, समतोल बिघडेल."

"कांद्यांनी?"

मी गुरुत्वमध्य समजावू लागले. ते कलिंगडे ठोकून बघू लागले. या शास्त्रार्थात ट्रेलरची उजवी बाजू तपासायची राहून गेली.

घराजवळच्या गतिरोधकावर मागून धप्प आवाज आला. उतरून पाहिले, तर मागचा उजवा पट्टा तुटून लोंबत होता आणि त्याचे टोक वितळून काळे पडले होते. तापलेल्या सायलेन्सरला चिकटवूनच मी तो आवळला होता. नायलॉन किती तापमानाला वितळते, हे मला याच नोकरीच्या मुलाखतीत विचारले होते. उत्तर मी क्षणात दिले होते, दशांश चिन्हासकट.

मोटरसायकल डावीकडे कलंडून गोण्यांवर विसावली होती, जेवण झाल्यावर लोडाला टेकावे तशी.

बाबांनी टाकीवरून बोट फिरवले, आरसे पाहिले, वाकून खालची बाजू पाहिली. "ओरखडा नाही. आईशी बोलतो मी."

इथे गप्प बसणे सोयीचे होते. तरी मी म्हणाले, "बाबा, हे कांदे नसते तर..."

"समतोल बिघडला असता," बाबा एक गोणी खांद्यावर घेत म्हणाले. "दुसरी तू उचल. नुसती उचल, बांधू नकोस."