भाऊच्या नावाची बाटली

आमच्या घरात कोणी पीत नाही. मी पितो, पण ते घरात कोणाला माहीत नाही, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. बायकोला माहीत आहे. तिच्यापासून काही लपवण्याचा नाद मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडला. शिवाय मी दारू पीत नाही, वाइन पितो. हा फरक मी तिला अनेकदा समजावून सांगितला आहे आणि तिने तो दर वेळी भांडी आवरता आवरता ऐकून घेतला आहे.

महिन्यातून दोन शनिवार. जळगावच्या आमच्या घरात खिडक्यांचे पडदे ओढायचे आणि स्टीलच्या पेल्यात ओतून घ्यायची, म्हणजे अचानक कोणी आलंच तर ताक वाटावं. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या माणसाला एवढी अक्कल असतेच. धोका एकच होता, भाऊ. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गावाकडून आला की बाटली कपाटातून निघून धुण्याच्या मशीनमध्ये जायची, कारण गळ्यात तुळशीची माळ घातलेला शेतकरी मशीनमध्ये कशाला डोकावेल?

माझी ही भीती हसण्यासारखी वाटेल, म्हणून थोडं सांगतो. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याने शाळा आधीच सोडली होती, त्या वर्षी लग्नही पुढे ढकललं. धुळ्याजवळच्या आमच्या गावातून मी कॉलेजला धुळ्याला राहायला गेलो, तेव्हा दर शनिवारी भाकरीचा डबा एसटीने यायचा. कंडक्टर तो माझ्या हातात देताना म्हणायचा, "भाऊनं सांगितलंय, रिकामा डबा परत पाठव." भाऊसमोर मी अजून पायावर पाय टाकून बसत नाही. माझं पोट सुटलं, चष्मा लागला, मुलगी नोकरीला लागली, तरी त्याच्यासमोर मी चौथीतलाच. त्याच्या नजरेतून उतरायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यभर सांभाळली. बाकी सगळ्यात आनंदच आहे.

तर यंदा आईला ऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा विधी करायचा असं चाललं होतं, तर पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी म्हणाली, हजार चंद्र बघून झाले, आता आजीला समुद्र दाखवू. तिने मुंबईहून सुटणाऱ्या एका परदेशी बोटीची चार तिकिटं परस्पर काढली: आई, भाऊ, मी आणि बायको. वहिनी म्हणाल्या, म्हशी काय बोटीवर नेऊ? त्या घरी राहिल्या. मुलीला रजा नव्हती. तिने नियमांचा कागद तेवढा पाठवला.

तो कागद मी मराठीत उतरवून एक प्रत गावी पाठवली. हेडक्लार्कची सवय, एकही नियम गाळला नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेता येणार नाहीत. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची एक बाटली स्वतःच्या हातातल्या सामानातून नेता येईल. हे दुसरं वाक्य लिहिताना माझं अक्षर जरा जास्तच वळणदार आलं असावं.

भाऊने तो कागद आईला वाचून दाखवला. आईचा फोन आला.

"दारू चालस आनि भाकर चालस नही? हाई कसं जहाज शे?"

खानदेशातलं माणूस शेजारच्या तालुक्यात लग्नाला गेलं तरी पिशवीत शेंगदाण्याची चटणी असते. आई ऐकणार नव्हतीच. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या केल्या, चटणी कुटली, लाल मिरचीचा ठेचा बरणीत भरला आणि सगळं तिच्या जाड कापडी पिशवीत घातलं.

इकडे माझी बाटली तयार होती. चांगली, नाशिककडची, मी स्वतःला एरवी घेऊ देत नाही त्यातली. प्रश्न तिला नेणार कोण, हा होता. बायकोला म्हटलं, तुझ्याही नावावर एक नेता येते. ती म्हणाली, "माझ्या नावावर काही नको. तुमची तुम्ही न्या. स्वतःच्या हातात, असं लिहिलंय ना?" रांगेत पुढे भाऊ उभा असणार आणि मी हातात बाटली घेऊन त्याच्या मागे! नियम होता, हक्क होता, पण छाती नव्हती.

निघायच्या दिवशी आम्ही गावीच होतो. सकाळी आई अंघोळीला गेली आणि मला सुचलं. आईची पिशवी! तिच्या पिशवीत हात घालायची घरात कोणाची प्राज्ञा नाही आणि बोटीवरची माणसं ऐंशी वर्षांच्या बाईला काय तपासणार? माझ्या पंच्यात बाटली गुंडाळून मी पुऱ्यांखाली सारली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अजून काहीतरी हाताला लागलं. घरच्या तेलाची बाटली असणार, असं मी समजलो. आई बोटीवरही आपलं तेल नेतेय, म्हणून मनातल्या मनात हसलोसुद्धा.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासणीची रांग विमानतळासारखीच होती. टेबलामागे गणवेशातली एक मुलगी, मराठी बोलणारी. तिने आईची पिशवी यंत्रातून जाताना पाहिली आणि हसतच बाजूला घेतली.

"आजी, हे काय काय आणलंय?"

आधी पुऱ्या निघाल्या. मग चटणी, मग ठेचा. रांगेतल्या दोघातिघांनी वास घेऊन माना वळवल्या. मग माझा पंचा निघाला आणि त्यातून माझी बाटली. मग वर्तमानपत्र निघालं आणि त्यातून दुसरी बाटली. तेलाची नव्हती. लाल, गोड वाइनची, लेबलावर नाचणारा घोडा असलेली.

मला काही कळेना. आईने एकदा पंच्याकडे पाहिलं, एकदा वर्तमानपत्राकडे, मग आम्हा दोघा भावांकडे. तिला किती वेळ लागला असेल? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा.

"दोन्ही मन्याच शेतस," आई म्हणाली.

डोक्यावरून पदर, कपाळावर आडवं गोंदण, आणि दोन बाटल्या माझ्या म्हणते! त्या मुलीने कसंबसं हसू दाबलं. "आजी, एका माणसाला एकच. एक तुमच्या नावावर लिहिते. दुसरी तुमच्यातल्या कोणाची असेल तर त्याने सांगा, तीही जाऊ देते. नाहीतर इथेच ठेवून घ्यावी लागेल."

एवढंच होतं. माझी आहे, हे दोन शब्द. कोणी रागावणार नव्हतं, कोणी दंड करणार नव्हतं, नियमच माझ्या बाजूने होता आणि तो मी माझ्या हाताने लिहिलेला होता. बायकोने मला कोपराने ढोसलं. "बोला," ती पुटपुटली. मी छताकडे पाहिलं. छताला काय काय असतं ते मी फार बारकाईने पाहिलं.

भाऊने टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाला, "एक मनी शे."

त्या मुलीने एका बाटलीला आईच्या नावाची चिठ्ठी लावली, दुसरीला भाऊच्या नावाची, आणि पुऱ्या-चटणी-ठेचा ठेवून घेतला. आई बोटीत चढेपर्यंत मागे वळून ठेच्याकडे पाहत होती.

आणि मी? मला लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हणजे भाऊसुद्धा! माळ घालून! तीस वर्षं मी मशीनमध्ये बाटल्या दडवल्या आणि हा पठ्ठ्या तिकडे बैलांच्या गोठ्यात घोडा नाचवतोय! बायकोला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "मी तुम्हाला बघितलं." मी तिकडे दुर्लक्ष केलं. दिवसभर मी भाऊकडे नव्या मायेने पाहत होतो. जेवताना त्याला स्वतःच्या हाताने वाढलं. माझ्या मनावरचा धोंडा उतरला होता आणि त्याच्या मनावरचाही उतरवावा, असा उदार विचार माझ्या डोक्यात आला.

उन्हं उतरताना आई आणि बायको वरच्या मजल्यावर पोहण्याचा हौद बघायला गेल्या. भाऊ खोलीच्या सज्ज्यात बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, समुद्राकडे तोंड करून. मी आत गेलो आणि दोन्ही बाटल्या आणि दोन ग्लास घेऊन बाहेर आलो. मोठ्या मनाने बोललो. म्हटलं, भाऊ, आता काय लपवायचं? दोघंही म्हातारे झालो. तुझं तू घे, मी माझं घेतो. माणसाला थोडी आवड असते, त्यात काय एवढं.

भाऊने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी कोठे पेस रे?" तो म्हणाला. "तुनाकरता लयेल व्हती."

माझ्यासाठी आणली होती! मी ग्लास खाली ठेवले.

मग तो हळूहळू सांगत गेला, कापसाचा भाव सांगावा तसा. तो आमच्याकडे आला असताना एकदा मशीनमध्ये धोतर टाकायला गेला होता. "तठे दखी व्हती मी." बाटली दिसली, त्याने झाकण लावलं आणि धोतर हाताने धुतलं. मला तो दिवस आठवला. मशीनचं धुणं मला पटत नाही, असं तो म्हणाला होता आणि खेडवळ माणसाला कोण समजावणार, म्हणून मी हसलो होतो. त्याला बारा-चौदा वर्षं झाली.

माझा कागद वाचल्यावर त्याला वाटलं, तिथे नियमात बसतंय, तर याला एकदा उजळ माथ्याने मिळावी. पण देणार कशी? थोरल्याने धाकट्याच्या हातात बाटली कशी द्यायची? म्हणून आईच्या पिशवीत. बोटीवर पोचल्यावर माझ्या खोलीत गुपचूप ठेवून देणार होता. त्यासाठी तो आयुष्यात पहिल्यांदा धुळ्यात वाइनच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, कोणती? हा म्हणाला, "चांगला मानूस पेस ती द्या." त्याने घोड्याची दिली.

मी विचारलं, तुला कोणी पाहिलं नाही ना?

"समोर रसवंतीवर आपला गावना चार जन बशेल व्हतात. तेस्नी इचारं, भाऊ, हाई कोनी?"

मग?

"सांगं, मनी शे."

तो पुन्हा समुद्राकडे पाहू लागला. मला तिथून उठून कुठे जावं ते कळेना. बोटीवर फार लांब जाताही येत नाही. शेवटी मी म्हणालो की तपासणीच्या टेबलावरची दुसरी बाटली माझी होती, आणि मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याने मान हलवली. "तू बोलना नही, मंग मी बोलनू," एवढंच म्हणाला आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसला. "पी आते. मी दखस नही."

मी घोड्याची उघडली. इतकी गोड, की उसाचा रस परवडला. अर्धा ग्लास प्यालो आणि भाऊची पाठ मला कापसाच्या बोंडअळीबद्दल सांगत राहिली.

गावी परतल्यावर मी ठरवून पारावर गेलो. तिथे भजनी मंडळ चालवणारे नाना होते, आणखी पाच-सहा जण होते, रसवंतीवरचे चारही होते. मी उभं राहून सांगितलं: ती बाटली माझ्यासाठी होती, पिणारा मी आहे, भाऊने थेंबही घेतलेला नाही. आयुष्यात एवढं स्वच्छ मी कधी बोललो नव्हतो.

मग नाना उठले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ ऱ्हावा ते असा. मोठाना दोष सोतावर लई राह्यना."

मी कोणाचा दोष अंगावर घेत नाही, दोष माझाच आहे, असं मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकं सांगावं तितके त्यांचे डोळे भरून येत. त्या दिवसापासून गावात माझी इज्जत वाढली आहे. चहा पाजल्याशिवाय मला कोणी सोडत नाही.

पुढच्या महिन्यात सप्ताह बसला. भजनात वीणा गळ्यात घेऊन उभं राहण्याचा पहिला मान दर वर्षी भाऊचा असायचा. यंदा तो दुसऱ्याला दिला. कोणी काही बोललं नाही, फक्त भाऊला विचारलं नाही. भाऊ मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसला. मी जाऊन त्याच्याशेजारी बसलो. त्याने सरकून जागा केली, टाळांची एक जोडी माझ्या हातात दिली आणि थोड्या वेळाने माझ्या कानाशी वाकून विचारलं, "तुले ती घोडानी आवडनी व्हती ना?"

मी हो म्हणालो. मला रडू आलं, आणि तेही मी त्याच्यापासून लपवलं.