मी कधीच न प्यालेली दारू

आमच्या समाजाच्या मंडळाने यंदा माझ्या वाढदिवशी माझा सत्कार ठरवला होता. ऐन तारुण्यात मी दारू सोडली आणि पुढे आयुष्यभर इतरांनी ती सोडावी म्हणून भाषणं देत हिंडलो, हे त्याचं कारण. पत्रिका छापून झाली होती. तिच्यावरच्या फोटोत मी खरोखरच काहीतरी सोडलेल्या माणसासारखा दिसतो. अडचण एवढीच की मी दारू कधी प्यालोच नाही. एक थेंबसुद्धा नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहितो आहे, कारण त्या न प्यालेल्या दारूची शिक्षा भोगली दुसऱ्याच कुणीतरी.

म्हसावदला आमचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून आम्ही धान्य, मिरची आणि सातपुड्यातून खाली येणारा माल घेत आलो: डिंक, चारोळी आणि मुख्य म्हणजे मोहाची फुलं. ही फुलं मी लहानपणापासून पाहिली ती गोणीत. वाळलेली, तपकिरी, मनुक्यासारखी सुरकुतलेली. ती झाडावरून पडतात हे मला माहीत होतं, पण जसं पीठ गव्हापासून होतं हे माहीत असतं तसंच.

वडिलांनी मला कॉमर्स शिकायला पुण्याला पाठवलं. दोन वर्षांत हिशेब मला फारसा आला नाही, पण वाढदिवस साजरा करता येऊ लागला. आमच्या घरी वाढदिवस म्हणजे सकाळी देवदर्शन, आईच्या हातची लापशी आणि वडिलांचं एक वाक्य, ‘आता तरी शहाणा हो.’ पुण्यात केक असे, टाळ्या असत, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या तोंडाला क्रीम फासलं जाई. आणखी एक गोष्ट मी तिथे उचलली, ती म्हणजे वसंत ऋतू. आमच्याकडे फाल्गुन-चैत्र म्हणजे मिरचीच्या खळ्यावरून येणारा ठसका. पुण्यात मात्र मुलं रविवारी टेकडीवर जाऊन फुललेल्या झाडांकडे बघत उभी राहत आणि कोणी एक जण ‘अहाहा’ म्हणे. महिनाभरात मीही ‘अहाहा’ म्हणायला लागलो. कोणत्या झाडाला म्हणायचं ते मात्र दुसऱ्याचं बघून ठरवायचो.

एकविसावा वाढदिवस चैत्रात, सुट्टीत आला. माझा खोलीसोबती पुण्याहून खास आला, येताना मांडीवर केकचा खोका घेऊन. एसटीच्या धक्क्यांनी केकचा एक कोपरा बसला होता, पण तो खरा केक होता, म्हणजे अंड्याचा. आम्ही जैन. आमच्या घरात कांदा मागच्या दारानेसुद्धा येत नसे. हॉस्टेलवर मी गुपचूप केक खाऊ लागलो होतो आणि एकविसाव्या वर्षी तरी तो उजेडात, झाडाखाली बसून, मोठ्या माणसासारखा खावा असं मला वाटत होतं. म्हसावदमध्ये तर नुसता खोका उघडला असता तरी संध्याकाळपर्यंत वडिलांना कळलं असतं. म्हणून पहाटे उठून मी वडिलांना सांगितलं, ‘मित्राला जरा सातपुडा दाखवून आणतो,’ आणि दुकानाची जीप काढली.

धडगावच्या रस्त्याला घाट लागला. दोन वळणं झाली असतील, उजव्या हाताला एक मोठं झाड दिसलं. बाकीच्या जंगलात पाचोळ्याचा थर होता, पण या झाडाखालची जमीन एखाद्या अंगणासारखी झाडून लख्ख केलेली. तिच्यावर पांढरट पिवळी, टपोरी फुलं पसरलेली आणि वरून आणखी पडतच होती, टप टप.

‘अरे, पिकनिक स्पॉट केलाय इथे कुणीतरी!’ सोबती म्हणाला.

मी ‘अहाहा’ म्हणालो आणि जीप सरळ झाडाखाली घातली.

वास ओळखीचा वाटला. मला वाटलं, गोदामाचा वास माझ्या शर्टाला चिकटून आलाय. मोहाच्या व्यापाऱ्याचा मुलगा मोहाच्या झाडाखाली उभा होता आणि हे कोणतं झाड असेल याचा विचारही त्याच्या मनात आला नाही. माझं वय तेव्हा एकवीस होतं, हे पुन्हा सांगतो. पाच नव्हतं.

फुलांवरच आम्ही सतरंजी अंथरली. केक कापला. फुलं केकवर पडली, केसांत पडली. सोबत्याने कॅमेरा काढला तेव्हा मी ओंजळीने फुलं उधळली, मग त्याने माझ्यावर उधळली, मग आम्ही ती पायांनी उडवत गोल गोल धावलो. शेवटी मी जीप सुरू करून त्या फुलांवरून दोन चकरा मारल्या, कारण चाकाखाली ती फुटताना मजेदार आवाज येत होता. वसंताचा आनंद लुटणं यालाच म्हणतात, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात एक बाई दिसली. तीस-बत्तिशीची, डोक्यावर दोन टोपल्या एकात एक. ती झाडापासून थोडी लांब उभी राहून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, वाढदिवस बघायला आली आहे. मी उदारपणे केकचा तुकडा कापून तिला नेऊन दिला. तिने तो हुंगला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि बाजारातल्या अहिराणीत विचारलं, ‘किती येळ बठशाल?’

‘आत्ताच तर आलोय!’ मी म्हणालो. तिने मान हलवली आणि ती एका दगडावर टेकली. आम्ही निघेपर्यंत, म्हणजे ऊन डोक्यावर येईपर्यंत, ती तिथेच बसून होती. फुलं पडायची थांबली होती. जी पडली होती त्यांचा चिखल झाला होता.

झाडाखालची जमीन ती झाडून ठेवत होती ते पहाटे पडलेली फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून. प्रत्येक झाड कुणाचं हे पाड्यावर ठरलेलं असतं आणि मोहाचा बहर जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. हे मला कळलं ते त्याच संध्याकाळी, आणि तेही वाकड्या वाटेने.

जीप दुकानासमोर थांबली तर मुनीमजी नाक वर करून पुढे आले. चाकांना, पायरीला, सतरंजीला, माझ्या बुटांना फुलांचा लगदा चिकटला होता आणि दुपारच्या उन्हात तो आंबून त्याला थेट मोहाच्या दारूचा वास येत होता.

‘भाऊ,’ ते हळूच म्हणाले, ‘गाडीले बी पाजी काय?’

ते हळू बोलले, पण वडिलांचं नाक त्यांच्यापेक्षा तीक्ष्ण. मला आत बोलावून त्यांनी मारवाडीत विचारलं, ‘कठे गयो थो?’ कुठे गेला होतास? वडील मारवाडीत आणि हळू आवाजात बोलले की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जात.

खरं सांगायचं तर केकपासून सुरुवात करावी लागली असती. केक आला की अंडं आलं. अंडं मी माझ्या हाताने, माझ्या तोंडात घातलं होतं, त्यात कुणाला मध्ये घालता येत नव्हतं. दारूचं मात्र तसं नाही. दारू कुणीतरी पाजू शकतं. हे सगळं मी दोन-तीन क्षणांत जुळवलं. कॉमर्सचा माझ्या आयुष्यात झालेला उपयोग तेवढाच.

‘तिकडे एका बाईने दिली,’ मी म्हणालो. ‘सरबत म्हणाली. आम्हाला काय माहीत?’

‘कोणती बाई?’

मी घाटातलं वळण सांगितलं, झाड सांगितलं. मुनीमजी दारातच होते. कोणतं झाड कुणाचं हे त्यांना पाठ होतं, कारण ती बाई तिथली फुलं दरवर्षी आमच्याच दुकानात आणत असे. त्यांनी पाड्याचं नाव घेतलं. मी ‘नाही’ म्हणालो नाही.

सोबती दुसऱ्या दिवशीच्या एसटीने पुण्याला गेला. वडील मला घेऊन जवळच मुक्कामाला आलेल्या महाराजांकडे गेले. तिथे मी हात जोडून, आजन्म दारूला शिवणार नाही असा नियम घेतला. जे कधी केलंच नव्हतं ते कायमचं सोडून मी घरी आलो. आई आनंदाने रडली. अंड्याविषयी महाराजांनी काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग बाजाराचा दिवस आला. डोंगरातून बायका टोपल्या घेऊन उतरल्या. मी गादीजवळ बसलो होतो. ती आली आणि तिने टोपली उतरवायला हात वर केले.

‘तुन्हा माल लेवाना नही,’ मुनीमजी म्हणाले. ‘शेठनी सांगेल शे. पोऱ्याले दारू पाजस आन वर माल इकाले येस?’

बाजार भरलेला होता. आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं.

‘कोणले पाजी?’ ती म्हणाली. मग तिला मी दिसलो. तिने माझ्याकडे बोट केलं. ‘त्याले इचार ना. तठे बठेल शे तो.’

मुनीमजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दाभण उचललं आणि समोरच्या गोणीचं तोंड शिवायला घेतलं. गोणी आधीच शिवलेली होती. मी तिच्यावर दुसऱ्यांदा टाके घातले, एकेक, सावकाश, आणि ते संपेपर्यंत मान वर केली नाही. ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही.

आमच्या दुकानाने परतवलेला माल पाहून पुढच्या दुकानदारांनी त्या पाड्याचाच भाव पाडला. तिच्याबरोबर तिच्या सगळ्या पाड्याचा माल त्या हंगामात अडला. त्यानंतर कित्येक वर्षं ‘पोरांना दारू पाजणाऱ्या बायकांचा पाडा’ हे नाव बाजारात त्याला चिकटून राहिलं. मी ते नाव चहाच्या टपरीवर ऐकायचो आणि चहा संपवायचो.

माझी मात्र भरभराट झाली. समाजाच्या युवक मेळाव्यात वडिलांनी मला अभिमानाने उभं केलं. ‘अनुभव सांग.’ कोणता अनुभव सांगणार? प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं असं मी न्हाव्याकडून ऐकलं होतं, ते सांगितलं. लोक गहिवरले. पुढे निमंत्रणं येऊ लागली. शहादा, नंदुरबार, एकदा तर लोणखेड्याच्या कॉलेजातल्या मुलांसमोर. तिथे मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘काका, कोणती प्यायचात?’

‘पिवळी,’ मी म्हणालो. रंगावरून ओळखतात असा माझा समज होता.

‘पिवळी? ती तर खोकल्याची असते काका!’

सगळा वर्ग हसला. त्यांच्यातला निदान एक जण मला बरोबर ओळखून होता. दरवेळी बोलताना मी त्या ‘अज्ञानी बाई’लाही माफ करत असे. त्यावर टाळ्या पडत.

वडील गेले, मुनीमजी गेले. सांगायला हरकत नव्हती आणि तरी मी सांगितलं नाही, कारण आता वडिलांऐवजी माझी स्वतःची अब्रू आडवी येत होती. सत्काराची पत्रिका हातात आली तेव्हा मात्र तिच्यात ‘एका दुर्दैवी प्रसंगातून’ असे शब्द छापलेले दिसले. दोन दिवसांनी मी धडगावच्या जीपमध्ये बसलो आणि घाटात उतरलो.

ती बाई अजून आहे. माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठी, एका डोळ्याने दिसत नाही. अंगणात फुलं वाळत घातली होती. मी त्यांना वळसा घालून गेलो. हे मात्र मला आता जमतं.

मी सगळं सांगितलं. केक, अंडं, वडील, सरबत, गोणी. तिची नातसून मध्ये मध्ये पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, समजावत होती. म्हातारी ऐकून घेत होती. अंड्यापाशी तिने हात वर करून मला थांबवलं.

‘अंडासाठे?’

‘हो.’

तिने नातसुनेला पुन्हा विचारलं. खात्री झाल्यावर ती हसायला लागली. नातसून हसली, शेजारच्या घरातून दोघी आल्या, त्यांना सांगितल्यावर त्याही हसल्या. ‘आमना घर कोंबड्या व्हत्यात,’ म्हातारी डोळे पुसत म्हणाली. ‘मांगता तं मीच दी देती.’

मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. पण तिचं हसणं माझ्या आधी थांबलं.

‘त्या साल आम्ही महू परत डोंगरवर लयी गऊत,’ ती म्हणाली. ‘पाऊसमा सडी गयी.’ मग विचारलं, ‘आते हाई कोणले सांगशी?’

‘वडिलांना सांगायचं होतं,’ मी म्हणालो. ‘ते राहिले नाहीत.’

‘तुन्हा बाप गया. बजार शे ना आजून.’

मंडळाला मी खरं कळवलं. अध्यक्ष म्हणाले, ‘दारू सोडल्याचा सत्कार करता येतो हो, अंडं लपवल्याचा कसा करायचा?’ सत्कार रद्द झाला. दुकान आता मुलगा बघतो. बाजारातही सांगणार म्हटल्यावर ‘पप्पा, गिऱ्हाईक काय म्हणेल?’ असं त्याने विचारलं, आणि त्याचं विचारणं योग्यच होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहिलो. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या, बहुतेक सगळ्या त्या गोष्टीनंतर जन्मलेल्या. भाषणाची मला चाळीस वर्षांची सवय, तरी मी पायाखाली बघत पुटपुटलो. म्हणालो की त्या पाड्याच्या कुणीही मला कधी दारू पाजली नाही, मी खोटं बोललो होतो.

‘बाजूले व्हा ना बाबा,’ पुढची तरणी बाई म्हणाली, ‘काटा दिखत नही.’

मी बाजूला झालो. तेव्हा रांगेत मागे उभ्या असलेल्या एका पोक्त बाईने आपली टोपली खाली ठेवली. ती त्याच पाड्याची होती, हे मला नंतर कळलं.

‘परत सांग,’ ती म्हणाली. ‘मांगे ऐकू नही उनं.’

मी परत सांगितलं. पाड्याचं नाव घेऊन, मोठ्याने, अंड्यासकट.