मुका खांब आणि पुढचं प्रकरण

विणताना वाचायचं कसं, हा प्रश्न मी लग्नाआधीपासून सोडवतेय. दोन्हींना हात लागतात आणि देवाने हात दोनच दिलेत. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून त्यावर उलथनं आडवं टाकायचं, पान उलटायची वेळ आली की कोपराने रेटायचं, असले उद्योग मी पुष्कळ केले. एकदा पानं कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवली, तर वाचनालयात बोलणी खावी लागली. मी स्वतःसाठी नियमही केला होता. नुसते सरळ टाके असतील तर वाचन चालेल, फुलं-पाकळ्या असतील तर पुस्तक बंद. हा नियम मी कधीच पाळला नाही. आमच्या टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालात एका फुलाला पाकळी कमी आहे, आणि ती कोणत्या गोष्टीपायी कमी पडली हे मला अजून आठवतं.

मग फोनवर पुस्तकं ऐकायला मिळू लागली आणि माझं भाग्य उजळलं. पुसदच्या बाजारातून लोकर आणायची, दुपारची भांडी झाली की कानात वायरी खुपसायच्या आणि ओसरीत बसायचं. हात सुईवर, कान गोष्टीत. नवरा मध्येच काहीतरी विचारायचा, मी "हं" म्हणायची. असल्याच एका "हं"च्या भरवशावर त्याने नवा कूलर आणून ठेवला.

असं सगळं छान चाललेलं असताना ताई आमच्याकडे राहायला आल्या. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतरही मारेगावला एकट्याच राहिल्या. एकट्या म्हणजे पुस्तकांसोबत. दिवाळीला आमच्याकडे आल्या तरी ताटाशेजारी पुस्तक असायचं, आणि कुणी मध्ये बोललं तर चष्म्यावरून अशा बघायच्या की बोलणारा आपलं वाक्य गिळून टाकायचा. मग त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस दिसतो पण चेहरा नाही, पान दिसतं पण अक्षर नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. गाडीत पुस्तकांची पोती होती. ती उतरवताना ताई एकदाही "जपून" म्हणाल्या नाहीत.

माझ्याकडे तर या दुखण्यावर औषध तयारच होतं. दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि एक कादंबरी लावली. दोन मिनिटं त्यांनी ऐकलं.

"बंद कर ते."

"का हो ताई?"

"कीर्तन आयकतात, बातम्या आयकतात. पुस्तक वाचतात. हे खोटं वाचन माह्यासमोर नको."

मी तशी लवकर तापते. म्हणजे इतकी वर्षं मी करतेय ते खोटं? वायरी कानात घातल्या आणि ओसरीत जाऊन बसले. पण आतल्या खोलीत त्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून नुसत्या बसलेल्या असायच्या. कुकरची शिट्टी झाली की "दोन झाल्या" म्हणून सांगायच्या. एवढं वाचलेल्या बाईला दिवसभरात शिट्ट्या मोजण्यापलीकडे काम उरू नये, याने माझा राग कुठच्या कुठे गेला.

मग मी स्वतः वाचून दाखवायला लागले. हे त्यांनी चालवून घेतलं, कारण हे शाळेत करायचे ते प्रगट वाचन. प्रत्येक स्वल्पविरामाला मला टोकायच्या. "तिथी थांबाचं असते." मी थांबायची. पण माझ्या हातांना रिकामं बसायची सवय नाही. पुस्तक धरलेले अंगठे पानाच्या कडेवर आपोआप फिरायला लागायचे, आणि नजर जायची टोपलीतल्या अर्धवट विणकामाकडे. एका दुपारी त्या हसून म्हणाल्या, "वहिनी, तुह्ये हात पाह्य कसे वळवळून राह्यले. मले दिसत नाई असं समजू नको. कडेचं सारं दिसते."

मीही हसले. पण त्या पुढे बोलल्या ते हसण्यासारखं नव्हतं. "तुह्या दुपारी मले नको. मी जल्मात कोनाले काही मांगतलं नाई, आता रोज तुले गोष्ट मांगत बसू काय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला एक फोन लावायला सांगितला. त्यांची पहिली नोकरी पुसदजवळच्या एका तांड्यावर होती. तिथली एक विद्यार्थिनी आता त्याच तांड्यावर शिक्षिका आहे. "रविवारी ये अन् माही सारी पुस्तकं घेऊन जाय," ताईंनी तिला सांगितलं. "ज्याले दिसते त्यानं वाचावं. माह्यं झालं." फोन ठेवून त्या शांतपणे जेवायला बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुस्तकं जाणार याचं मला एवढं नव्हतं. "माह्यं झालं" हे फार मोठं होतं.

थंडी पडली होती आणि मी ताईंसाठी एक शाल विणत होते. अख्खी शाल मुक्या खांबाची. मुका खांब म्हणजे क्रोशातला सगळ्यात बुटका टाका. जाड, उबदार आणि बिनडोक, त्यामुळे डोकं गोष्टीला मोकळं राहतं. माप बघायला म्हणून शाल त्यांच्या मांडीवर पसरली. त्यांची बोटं तिच्यावरून फिरायला लागली आणि एका जागी थांबली.

"इथी काय झालं? इथी आवळली."

मी पाहिलं. खरंच चार बोटं रुंदीचा पट्टा घट्ट झाला होता, कडेला शाल आत ओढली गेली होती. विणणाऱ्या बायकांना हे माहीत असतं. जिवाला घोर लागला की धागा बोटात आवळला जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

"गोष्टीमुळे झालं असेल," मी ओशाळून म्हटलं. "त्यात एक म्हातारा शिंपी आहे. भांडून वेगळ्या झालेल्या भावाला शोधत परक्या गावात जातो. दार सापडतं, पण कडी वाजवायची हिंमत होत नाही. अख्खं प्रकरणभर नुसता दारात उभा."

त्यांची बोटं पुढे सरकली. "अन् हे काहून सैल पडलं?"

"तिथे आंब्याच्या झाडाचं वर्णन होतं. मला झोप आली."

ताई मोठ्याने हसल्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मग बोटं पुन्हा अडली, अगदी सुईजवळ, शेवटच्या ओळींवर. "इथी तं लयच आवळलं."

"इथे त्याने कडी वाजवली."

"मंग? कोनी उघडलं?"

"मलाच माहीत नाही. लोकर संपली म्हणून उठले."

ताईंनी हात उचलला नाही. बोटं त्याच ओळीवर होती. मग म्हणाल्या, "मंग लाव ना वो!"

मी वायर उपसून काढली आणि गोष्ट पहिल्यापासून मोठ्याने लावली. आधी त्यांनी वाचणाऱ्याची उलटतपासणी केली. "हा बाप्पा कायले धावून राह्यला? मांगं कुत्रं लागलं काय?" मी वेग कमी केला. मग म्हणाल्या, "ते वाक्य पुन्हा घे." घेतलं. "अजून एकदा." शिंप्याच्या एका वाक्यावर त्या आम्हाला परत परत नेत राहिल्या आणि मी हरखून गेले. मनात सगळं ठरवून टाकलं. रोज दुपारी आम्ही दोघी, मध्ये फोन, माझ्या हातात सुई. इतकी वर्षं एकटीच ऐकत आले, आता घरातच सोबत मिळाली. आनंदाच्या भरात मी मध्ये मध्ये "काय सुंदर आहे ना हो!" म्हणत होते.

शनिवारी दुपारी मी टोपली घेऊन बसणार तोच ताई म्हणाल्या, "राग नको मानू वहिनी. त्या वायरी मले दे. अन् जाताना दार लावून घे."

मला लागलं. फोन माझा, गोष्ट मी शोधलेली, आणि मीच बाहेर? मी टोपली जरा जोरातच उचलली. "तू मधात मधात बोलतेस वो," त्या मऊपणाने म्हणाल्या. "पुस्तकात मले एकटीले जा लागते."

थांबवायचं कसं, मागे न्यायचं कसं, ते दाखवलं आणि दार ओढून घेतलं. ओसरीत शाल घेऊन बसले, कानात काही नाही. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. बराच वेळ मनातल्या मनात धुसफुसले, मग हळूहळू उमगलं. मी त्यांना सोबत देऊ बघत होते. त्यांचं हरवलं होतं ते एकटेपण.

रविवारी त्यांची विद्यार्थिनी ऑटो घेऊन आली. ताईंची खोली बंद. मी दार वाजवलं, उत्तर नाही.

"बाई झोपल्या काय?"

"नाही, पुस्तकात आहेत. बस, चहा घे."

एक चहा झाला, दुसरा झाला, ऑटोवाला भोंगा वाजवून थकला. मग दार उघडलं. गळ्यात वायरी लोंबत होत्या, नाक लाल, गालांवरून धारा लागलेल्या. पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. डोळे गेले तेव्हासुद्धा या बाईंना मी रडताना पाहिलं नव्हतं.

"मेला वो तो म्हातारा," त्या दारातच म्हणाल्या. "भाऊ पान्याचा गिलास घेऊन आला, तोवर..."

"ताई, नका ना सांगू! मी तिथवर पोचले नाही अजून!" मी कानांवर हात ठेवले.

पण त्या थांबणार नव्हत्या. समोर कोणीतरी बसलंय एवढं त्यांना दिसलं, आणि त्यांनी त्या विद्यार्थिनीचा हात धरला.

"बाई, पुस्तकं नेऊ ना मंग?" तिने बिचकत विचारलं.

"नेजो. लेकरायले दे. पन आधी बस. त्या भावानं काय केलं, ते तं आयक!"

गोष्टीचा शेवट आधी सांगणाऱ्या माणसाशी मी बोलणं टाकते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी कानांवरचे हात काढले, त्यांच्याजवळ बसले आणि सगळा शेवट ऐकून घेतला.