वरवट बकालजवळची तूट

बुलढाण्याच्या दूरसंचार कार्यालयात माझं काम पडद्यासमोर बसून जिल्ह्याच्या नेटवर्कवर लक्ष ठेवायचं होतं. कोणत्या तालुक्याची माहिती कोणत्या केबलमधून जायची, तिच्यासाठी किती जागा राखायची आणि केबल तुटली तर कोणत्या दुसऱ्या मार्गाने ती वळवायची, हे आधीच आखून ठेवलेलं असे. अशा आखलेल्या मार्गाला आम्ही टनेल म्हणत असू. टनेल आडमार्गाने गेलं तरी पडद्यावर हिरवंच दिसतं. म्हणून मी रंगापेक्षा मार्ग बघायचे.

गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी खाल्ली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी संग्रामपूरचं टनेल शेगावचा रस्ता सोडून जळगाव जामोदवरून फिरून येताना दिसलं. तो मार्ग अरुंद होता. थोड्याच वेळात संग्रामपूरच्या बँकेतून फोन आला, काहीच पुढे सरकत नाही म्हणून. ग्रामीण रुग्णालयाची माहितीही त्याच टनेलातून जायची. मी तिला आधी वाट करून दिली आणि बँकेला थांबायला सांगितलं.

बाहेरचं काम बघणारे साहेब रजेवर होते, म्हणून केबल जोडणाऱ्या चाचांबरोबर मीच गाडीत बसले. चाचा रोहिणखेडचे, निवृत्तीला आलेले. शेगावला त्यांनी यंत्र लावून तुटीचं अंतर काढलं. जागा वरवट बकालच्या अलीकडे, नाल्याच्या काठी निघाली.

तिथे एक शेतकरी ट्रॅक्टरने कपाशीची उभी पराटी मोडत होता. अर्धं वावर नांगरून झालं होतं. नाल्याच्या पाण्याने काठाची माती वाहून गेली होती, केबल वर आली होती आणि नांगराला अडकून तुटली होती.

"मले काय मालूम अठी वायर हाय म्हून," तो म्हणाला.

"तुमची चूक नाही भाऊ," चाचा म्हणाले. "पन जोडनं होईपर्यंत ट्रॅक्टर बंद ठेवा. धूळ लय बारीक उडते."

त्याने ट्रॅक्टर बंद केला. चाचा गाडीच्या मागच्या भागात केबल जोडायचं यंत्र मांडून बसले. शेतकऱ्याची बायको ओटी बांधून उरलेल्या पराटीत शिरली आणि किडकी बोंडं सोडून जेवढा कापूस फुटला होता तेवढा वेचू लागली.

"काऊन वेचून राह्यली आता?" तो म्हणाला.

"उभी हाय तवर वेचतो," ती म्हणाली. तो बांधावर बसून राहिला. मग उठला आणि शेजारच्या ओळीत तोही वेचू लागला.

मी तिच्याबरोबर चालत होते. तिने एक बोंड उकलून मला दाखवलं. आत गुलाबी अळी होती आणि सरकी पोखरलेली होती.

"तुमच्या घरी वावर हाय का, मॅडम?"

"हाव. वडील पराटीच लावतात."

"मंग त्यायची कशी हाय?"

"बरी आहे म्हणतात," मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेचायला वाकली.

दुपारी कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. केबल तोडणाऱ्याचं नाव हवं होतं, तक्रार द्यायची होती. मी म्हणाले, "साहेब, केबल उघडी पडली होती. आपणच ती खोल घालायला हवी." मग त्यांनी अहवालात तसंच लिहायला सांगितलं.

केबल जोडून झाल्यावर ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला. आम्ही गाडीत बसलो तेव्हा तो पराटीच्या उरलेल्या पट्ट्यात शिरत होता. कार्यालयात परतल्यावर मी टनेल हाताने मूळ मार्गावर आणलं आणि बँकेला कळवलं. मग वडिलांना फोन लावला.

"बाबा, आपल्या पराटीत अळी हाय का?"

"मोडली ना. गहू पेरला."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले सांगून तू काय केलं असतं, बाई?" मग म्हणाले, "जेवली का?"

रविवारी मी गावी गेले. बाबा गव्हाला पाणी देत होते. मी चपला बांधावर काढल्या, त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि पाणी वळवायला पुढच्या वाफ्याचं मातीचं दार फोडलं.